आत्याच्या दारापुढचा वळसा

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. माझा विश्वास ओलीवर आहे. भिंतीवर माणसाच्या तोंडासारखा डाग उमटला की लोक हजार गोष्टी बोलतात. मी शिडी लावून गच्चीवर जाते आणि पाइपात अडकलेला पाचोळा काढते. भिंत वाळली की डाग गायब. घरं बांधायच्या धंद्यात माणूस असाच होतो, कोरडा. तेव्हा हे सगळं मी जसं झालं तसंच सांगणार आहे. तिखटमीठ लावायची मला सवय नाही, आणि इथे तर गरजही नाही.

आमचं ऑफिस एका जुन्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. लांबट हॉल, उत्तरेच्या खिडक्या, आणि कोपऱ्यात चहाचं एक यंत्र, ज्याला येता-जाता प्रत्येक जण शिव्या देतो. तिथे आम्ही नकाशे हाताने कमी आणि कॉम्प्युटरकडून जास्त काढून घेतो. भिंत कुठे नि दार कुठे हे आम्ही त्याला सांगत नाही, फक्त नियम सांगतो. इतकं ऊन हवं, इतका वारा हवा, म्हाताऱ्यांना फार जिने नकोत. मग तो शेकडो नकाशे मांडतो आणि आम्ही त्यातला एक निवडतो. हा प्रोग्राम लिहिणारा आमचा गणित्या. त्याचं खरं नाव त्याच्या आईशिवाय कुणी घेत नाही. बोलणं मोजकं, खाणं मात्र बेहिशेबी.

त्या वर्षी आमच्याकडे एका वसाहतीचं काम आलं. जुन्या कामगारांची बैठी घरं, मधे मोठं फरसबंद अंगण, चारी बाजूंनी अंगणाकडे उघडणारी दारं. ती पाडून तिथेच पाच मजली इमारत उभी करायची आणि त्याच लोकांना तिच्यात घरं द्यायची. अशा कामांत एक गोष्ट हटकून होते. घर मिळतं, शेजार जातो. चिठ्ठ्या टाकून घरं वाटतात. ज्या दोघी जन्मभर एकमेकींकडे किल्ली ठेवत आल्या, त्यातली एक पहिल्या मजल्यावर जाते, दुसरी पाचव्या. वर्षभरात त्या जिन्यात भेटल्या तर "बरं आहे ना?" एवढ्यावर येतात. हे मी इतक्यांदा बघितलंय की मला त्याची चीड येते. म्हणून आम्ही ठरवलं, आधी शेजार मोजायचा, मग इमारत काढायची.

मोजायचा म्हणजे प्रत्येकाच्या गळ्यात एक बिल्ला अडकवायचा. बिल्ला घातलेला माणूस कुठून कुठे गेला, कुठे किती रेंगाळला, एवढंच त्यातून कळतं. पडद्यावर एक ठिपका आणि त्याच्यामागे त्याची रेघ. काही आठवड्यांच्या रेघा एकावर एक ठेवल्या की कोण कुणाकडे जातं ते दिसतं. मग प्रोग्रामला सांगायचं, बाबा रे, ही माणसं जवळ राहू देत. बाकी तुझं तू बघ.

त्याच वसाहतीत माझी आत्या राहत होती. आमच्या ऑफिसच्या सरांनी विचारलं, "नात्यातलं काम, जमेल ना तुम्हाला?" मी म्हटलं, "सर, तीच तर सगळ्यांना बिल्ले घालायला लावणार आहे." आणि तसंच झालं. "घाला रे बिल्ले, नाहीतर पँटी उसवलेल्या तशाच घाला," असा दम तिने भरला, आणि दोन दिवसांत अख्खी वसाहत गळ्यात बिल्ला अडकवून हिंडायला लागली.

आत्या शिवणकाम करायची. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं, त्याच घरात, मशीनच्या खडखडाटात. माझा अभ्यास तिच्या कटिंगच्या टेबलाखाली झाला. तिचं दार सकाळी उघडलं की दिवेलागणीपर्यंत मिटत नसे. कुणी बटण लावायला येई, कुणी पडदा आखूड करायला, कुणी नुसतंच टेकायला. एकटेपणाला ती फार घाबरायची. दुपारी घटकाभर कुणी आलं नाही तर स्वतःच दारात येऊन उभी राहायची आणि अंगणातून जाणाऱ्याला हटकायची, "काय रे, त्या बाहीचं काय झालं?"

कागदांवर सही करायच्या दिवशी तिने पेन हातात धरलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

"ठमे," ती म्हणाली. मी कितीही मोठी झाले तरी तिच्यालेखी ठमीच. "तुझ्या शब्दावर मी हे घर सोडतेय. भिंती जाऊ देत, छप्पर जाऊ दे. पण मला एकटं पाडायचं नाही, सांगून ठेवते."

"आत्या, सगळ्यात जास्त रेघा तुझ्याच दाराला येणार आहेत, बघ तू."

"रेघा नकोत गं मला. माणसं येऊ देत."

रेघा खरंच तिच्या दाराला सगळ्यात जास्त आल्या. गणित्याने पडदा माझ्याकडे वळवला तेव्हा मला भरून आलं. चारी बाजूंनी रेघांचे जाड दोर निघाले होते आणि आत्याच्या उंबऱ्यापाशी एकत्र आले होते.

"ते बघितलंस?" गणित्या म्हणाला.

"बघितलं की. माझी आत्या आहे ती."

"ते नाही. हे."

त्याने पेन्सिलच्या टोकाने दाखवलं. आत्याच्या दारापासून थोड्या अंतरावर, अंगणात, एक पांढरी मोकळी जागा होती. म्हणजे तिथे काहीच नव्हतं. सगळ्या रेघा तिथे येईपर्यंत सरळ येत, मग दुभंगत, त्या जागेला वळसा घालत आणि पुन्हा एकत्र येऊन आत्याच्या दारात शिरत. एकसुद्धा रेघ आरपार गेलेली नव्हती. मुलांची नाही, म्हाताऱ्यांची नाही, पेपर टाकणाऱ्याचीही नाही.

"नळ असेल, नाहीतर झाड," मी म्हटलं.

"तू तिथेच वाढलीस ना? आहे झाड?"

झाड नव्हतं. नळ दुसऱ्या टोकाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं तिथे गेलो. स्वच्छ ऊन पडलं होतं. अंगणात ती जागा शोधायला काही अडचण आली नाही, कारण तेवढ्यावरच वाळलेली पानं पडून होती. झाडणारी बाई नुकतीच अंगण झाडून गेली होती आणि तिच्या झाडूचे ओरखडे त्या जागेभोवती छान गोल गेले होते. मी खाली बसून फरशी ठोकली. भरीव होती. पाणी ओतून उतार बघितला. उतार नव्हता. ऊन-सावलीचं काही असेल म्हणून वर पाहिलं, तर नुसतं आभाळ. समोर राहणाऱ्या नर्सबाई ड्यूटीवरून येत होत्या. बोलत बोलत आमच्याकडे आल्या, वाटेत त्या जागेला वळसा घातला आणि उभ्या राहिल्या.

"तुम्ही इथून सरळ का नाही आलात?" मी विचारलं.

"सरळच तर आले," त्या म्हणाल्या.

आत्याला सांगितलं तर ती हसत सुटली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! माझ्याच दारात यायचं नि फिरून यायचं. येडी आहेत सगळी."

"थांब, मी दाखवते," मी गणित्याला म्हटलं. त्याला मोबाइलवर चित्रण करायला सांगितलं, नळापाशी गेले आणि तिथून आत्याच्या दाराकडे नाकासमोर चालत आले. "झालं? गेले की नाही सरळ?"

गणित्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. चित्रात मी ऐटीत चालत येत होते. त्या पानांपाशी आल्यावर माझे पाय डावीकडे वळले. खोलीत खुर्ची असली की माणूस न बघता तिच्या बाजूने जातो ना, तसे. मग मी परत सरळ झाले आणि कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला.

मी खूप हसले. ऑफिसात सगळ्यांना ते चित्र दाखवलं. मग संध्याकाळी भाजी चिरताना ते आठवलं आणि हसू येईना. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "पूर्वी तिथे काहीतरी असणार. सवय राहिली असेल लोकांना." मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. वसाहतीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजोबांना मी विचारलंही होतं आणि त्यांनी ठामपणे सांगितलं होतं की तिथे कधीच काही नव्हतं. पण म्हाताऱ्या माणसांचं कोण किती धरतं!

प्रोग्रामने नकाशे दिले. सुंदर होते, खोटं कशाला बोलू. प्रत्येकाचा शेजार जागच्या जागी. रुंद गॅलऱ्या, त्यात टेकायला कट्टे, आणि आत्याचं घर दुसऱ्या मजल्यावर, जिथे सगळ्या वाटा येऊन मिळत होत्या. फक्त एक गोष्ट. तिच्या घराच्या भिंतीला लागून, प्रत्येक नकाशात, एक छोटी चौकोनी खोली होती. तिला दार नव्हतं. खिडकी नव्हती. आमच्या नियमांत स्पष्ट होतं की दाराशिवाय खोली काढायची नाही.

"हे तू घातलंस?" मी गणित्याला विचारलं.

"मी कशाला घालू? रेघांमधून आलंय. तिथे कुणाला जायचंच नाही, म्हणून त्याने दार दिलं नाही."

आम्ही नियम बदलून पाहिले. इमारत लांब केली, आखूड केली. खोली इकडची तिकडे सरकायची, पण यायचीच. सरांनी चष्मा कपाळावर चढवून नकाशा पाहिला आणि म्हणाले, "एवढी जागा फुकट? बिल्डर मला फाडून खाईल. कुणाला तरी देऊन टाका."

लोकांना दाखवायला आम्ही पुठ्ठ्याची प्रतिकृती केली होती, मजला मजला उचलून आत बघता येईल अशी. सभेत सगळे तिच्याभोवती जमले. आपापलं घर शोधून त्यात बोट घालून बघत होते. आत्याने चष्मा लावला, दुसरा मजला उघडला आणि त्या बंद चौकोनावर टिचकी मारली.

"ही कुणाची?"

"कुणाचीच नाही."

"मग मला दे की. मशीन बसेल, कटिंगचं टेबल बसेल. बाहेरची खोली येणाऱ्या-जाणाऱ्यांना मोकळी राहील."

कल्पना चांगली होती. मी तिथेच कटर घेऊन पुठ्ठ्याच्या भिंतीत दार कापलं, आणि आत्याने खूश होऊन माझ्या पाठीवर धपाटा घातला. गणित्या खिडकीपाशी बिस्किटं खात उभा होता. परत येताना म्हणाला, "मी तुझ्या जागी असतो तर ठेवली असती तशीच."

"का?"

"माहीत नाही. सगळे जे टाळतात ते आपणही टाळावं, एवढंच."

"मोठा आला गणिती," मी म्हटलं.

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून म्हणतात. ते बांधून झालं, एकदाचं. लोक राहायला आले. पहिले दिवस तर जत्राच होती. गॅलरीतले कट्टे भरलेले, मुलं जिन्यातून धावताहेत, आणि आत्याच्या नव्या खोलीत मशीन सुरू. दर रविवारी मी तिच्याकडे जायचे. चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, तासाभराने मी निघायचे. जाताना ती म्हणायची, "दार ओढून घे गं, वारा येतो." मी दार ओढून घ्यायचे. आमच्या कामाचा मला खरंच अभिमान वाटत होता.

मग आत्याचे फोन यायला लागले.

"ठमे, अगं माणसं येत नाहीत."

"असं कसं? कालच नर्सबाई भेटल्या, तुझ्याकडूनच येत होत्या."

"माझ्याकडून? मी सकाळपासून दारात बसलेय. शाळेचे गणवेश शिवून पडलेत, न्यायलाही कुणी येत नाही. आणि तूसुद्धा रविवारी आली नाहीस."

रविवारी मी गेले होते. तिने चहा केला होता.

"आत्या, आले होते मी."

"नाही आलीस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर परवडला असता.

मी फोन ठेवताना नवऱ्याने माझं तोंड बघितलं. "विसरायला लागल्या का?" त्याने हळूच विचारलं. मी मान हलवली आणि मला रडू आलं. जिने मला पाढे शिकवले, तिचं डोकं असं हातातून वाळूसारखं निसटताना बघायचं, ही कल्पनाच सहन होईना. डॉक्टरांची वेळ घेतली. आमच्याकडे तिची खोली तयार करायला घेतली. त्या रविवारी मी मुद्दाम जास्त वेळ बसले, तिला सगळं सावकाश समजावलं, आणि तीही हो हो म्हणाली. मला हायसं वाटलं.

सोमवारी तिचा फोन आला. "ठमे, या रविवारीही नाही आलीस."

त्याच आठवड्यात आमची दुसरी पाहणी संपली. लोक नव्या घरात रुळले की पुन्हा बिल्ले घालायला देतो आम्ही, प्रोग्रामचा अंदाज कितपत खरा ठरला ते बघायला. गणित्याने मला हाक मारली. त्याच्यापुढची बशी भरलेली होती आणि त्याने तिला हात लावलेला नव्हता.

"बस," तो म्हणाला.

पडद्यावर दुसरा मजला होता. रेघांचे जाड दोर जिन्यातून वर येत होते, गॅलरीतून आत्याच्या दाराकडे जात होते, आणि दाराच्या अलीकडे दुभंगत होते. वळसा घालून ते पलीकडे गॅलरीच्या टोकाला जात. तिथे एक खिडकी आहे आणि तिच्याखाली कट्टा. तिथे रेघांचा गुंता झाला होता. माणसं तिथे थांबत होती. बराच वेळ. मग आल्या वाटेने परत जात होती.

आत्याच्या घरात एकच ठिपका होता. मशीनपासून दारापर्यंत, दारापासून मशीनपर्यंत.

"ही निळी रेघ पाहुण्यांच्या बिल्ल्याची," गणित्या म्हणाला. "रविवारी कुणी घातला होता?"

मी घातला होता. निळी रेघ जिना चढली, दारापाशी आली, वळली, खिडकीखालच्या कट्ट्यावर गेली आणि तिथे तासाभराहून जास्त बसून राहिली. मग खाली उतरली.

मला तो चहा आठवत होता. कपाचा गरमपणा हाताला आठवत होता.

मी नर्सबाईंना फोन लावला. "आत्याकडे जाता ना हो तुम्ही?"

"म्हणजे काय! काल संध्याकाळीच बसून आले. चहा केला त्यांनी. निघताना म्हणाल्या, दार ओढून घे गं, वारा येतो."

मी आणखी एकीला फोन केला. तिलाही आत्याने चहा दिला होता. तिलाही निघताना दार ओढून घ्यायला सांगितलं होतं. तिसरा फोन करायचं मला धाडस झालं नाही.

"चल," मी उठले. "नाही, तू इथेच थांब. पडद्यासमोर बस आणि मला फोनवर सांगत राहा."

भर दुपारी मी त्या इमारतीत शिरले. गळ्यात निळा बिल्ला, कानाला फोन. जिन्यात ऊन आलं होतं. कुणाच्या तरी घरात रेडिओ चालू होता. दुसऱ्या मजल्यावर आले आणि समोर आत्याचं दार दिसलं. उघडं. मला इतकं हलकं वाटलं की मी पळतच निघाले.

"वळलीस," गणित्या म्हणाला.

"नाही वळले. दारातच आहे मी."

"खिडकीपाशी आहेस."

मी खिडकीपाशी होते. कट्ट्याच्या दगडाला माझा गुडघा टेकला होता.

मी परत गेले. या वेळी भिंतीला तळहात लावून, रंगाचा खरखरीतपणा बोटांना लागेल अशी. भिंत सोडायची नाही, एवढंच मनात धरलं.

"वळलीस."

"हात भिंतीलाच आहे रे!"

"दुसऱ्या भिंतीला."

मी डोळे मिटले. "तू सांग," मी म्हटलं. "मी काही बघत नाही."

"सरळ. सरळ. उजवीकडे ओढ लागेल तुला, जाऊ नकोस. थांब. आता डावा पाय. सरळ."

प्रत्येक पाऊल चुकीचं वाटत होतं. जिना संपलाय हे माहीत असताना आणखी एक पायरी उतरायला जावं, तसं. मला तिथे जायचंच नव्हतं. भीती नव्हती ती. आवड नव्हती नुसती, कंटाळा होता. आत्याकडे जायचा मला इतका कंटाळा आला होता की मला स्वतःची शरम वाटली.

"उंबरा," गणित्या म्हणाला.

पायाला उंबरा लागला.

"ठमे?"

मी डोळे उघडले. आत्या माझ्यासमोर उभी होती. वाळून निम्मी झाली होती. तिच्यामागे दोरीवर शिवलेले कपडे एकाला एक लागून लटकत होते, झगे, गणवेश, पडदे, पार आतल्या खोलीपर्यंत. तिने माझ्या गालाला हात लावला, मग दोन्ही गालांना.

"आलीस का गं?" ती म्हणाली. "खरी आलीस?"

मी तिच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडले. तिनेच मला थोपटलं. "पुरे, पुरे. माझं डोकं गेलं असंच वाटायला लागलं होतं मला. दारात बसायचे. माणसं समोरून यायची, मी हाका मारायचे, आणि ती माझ्याकडे बघून हसायची नि पलीकडे निघून जायची. तूसुद्धा."

"चल घरी," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

"आणि मशीन?"

"मशीन जाऊ दे खड्ड्यात."

तिने एक पिशवी भरली. मी तिचा हात धरला आणि आम्ही निघालो. दार मी उघडंच टाकलं. ती खोली मागे राहिली म्हणजे सगळं मागे राहिलं, असं मी मनाशी म्हणत होते.

जिन्यात नर्सबाई भेटल्या. "अगंबाई, तुम्ही? भेटलात आत्यांना?"

"ही काय, माझ्यासोबतच आहे," मी म्हटलं.

नर्सबाई हसल्या. आमच्या दोघींकडे बघून हसल्या, असं मला वाटलं. "मीही जातेच आता त्यांच्याकडे," त्या म्हणाल्या, आणि आत्याच्या बाजूने वळसा घेऊन वर गेल्या.

आत्या पायऱ्या उतरत राहिली. टॅक्सीत बसल्यावर म्हणाली, "हात सोडू नकोस हं."

"वेडी आहेस का? सोडते की काय!"

"घट्ट धर."

मी घट्ट धरला. मोबाइलवर गणित्याचे फोन येत होते, एकामागून एक, पण एक हात अडकलेला, दुसऱ्या हाताने पर्समधून मोबाइल निघेना, म्हणून मी ते तसेच वाजू दिले. आत्या काहीतरी बोलत होती, जुन्या अंगणाबद्दल. मी ऐकत होते. मग सिग्नलला गाडी बराच वेळ थांबली, बाहेर ऊन फार होतं, आणि मला ऑफिसातली राहिलेली कामं आठवायला लागली. सरांना काय सांगायचं, गणित्याशी काय बोलायचं. रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. गाडीत कशी शांतता होती. कितीतरी दिवसांनी मला शांत वाटत होतं.

घराचा जिना चढताना दम लागला. बेल वाजवली. नवऱ्याने दार उघडलं आणि माझ्या मागे बघितलं, आजूबाजूला बघितलं.

"आत्या कुठायत? घेऊन येणार होतीस ना?"

"नाही आली रे," मी म्हटलं. "किती समजावलं. बसले तासभर, चहा घेतला. हट्टी आहे ती. पुढच्या रविवारी बघू."

"बरी आहे ना पण तब्येत?"

"छान आहे," मी म्हटलं आणि सँडल काढायला खाली वाकले. पट्ट्याचं बक्कल काही केल्या सुटेना. एका हाताने सोडवावं लागत होतं, कारण दुसरा हात कुणीतरी घट्ट धरून ठेवला होता.